प्रेमाबाईंच्या गुडघ्याचा कौल

आमच्या सासूबाई घाबरट आहेत, हे मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून म्हणते आहे, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते आहे. तशा त्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. भांडुपच्या आमच्या टेकडीवर कुणी दारू पिऊन बायकोला मारायला लागला, की सगळ्यात आधी झाडू घेऊन प्रेमाबाई राऊळ त्याच्या दारात. घरात साप निघाला तेव्हा मी पलंगावर चढले होते आणि त्या काठी शोधत होत्या. पण दवाखान्याच्या पायरीशी आल्या की त्यांचे हात गार पडतात. नुसता रक्तदाब मोजायचा असला तरी दंडाचा पट्टा आवळला जाताना डोळे मिटून देवाचं नाव घेतात, आणि मग डॉक्टर म्हणतात, दाब वाढलाय. वाढणारच.

त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. आमचं घर टेकडीच्या वरच्या टोकाला, अंगणवाडी पार खाली. सकाळी घराघरांतून पोरं गोळा करत उतरायचं आणि दुपारी खिचडी खाऊ घालून एकेकाला दारात सोडत वर चढायचं, हे त्यांचं काम. सुयोग, म्हणजे माझा नवरा, दहावीत असताना सासरे गेले. तेव्हापासून या बाईने त्या पायऱ्यांच्या जिवावर संसार केला. टेकडीवरच्या निम्म्या पोरांनी आईबापाचं बोट सोडून पहिल्यांदा धरलं ते आईंचं, म्हणजे आमच्या सासूबाईंचं बोट.

मग त्यांचा एक गुडघा दुखायला लागला. आधी चढताना, मग उतरताना, मग नुसतं पडल्या जागी. त्या कुणाला सांगेनात. मला कळलं ते पोरांमुळे. दोन पोरं चावडीवर बसल्यासारखी आमच्या पायरीवर बसलेली आणि आई मागे भिंतीला धरून उभ्या. "काय झालं?" तर म्हणे, "बाई दमली, म्हणून आम्ही थांबलो."

गुडघ्याला सगळेच घाबरतात, पण आईंच्या भीतीला चेहरा होता. त्यांची स्वतःची आई. गावच्या घरात ती म्हातारी शेवटची कित्येक वर्षं बसल्या बसल्या सरकायची. दोन्ही हात जमिनीवर टेकायचे आणि अंग पुढे ढकलायचं. सारवलेल्या जमिनीवर चुलीपासून न्हाणीपर्यंत तिच्या सरकण्याची वाट पडली होती, घासून गुळगुळीत झालेली. आई माहेरी गेल्या की आधी ती वाट सारवायला घ्यायच्या, आणि परत यायच्या आत ती पुन्हा पडलेली असायची. "दर्शना, मला तसं नको गं," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या. आमच्या टेकडीवर तर सरकायलाही जागा नाही. वर बसली ती बाई वरच राहिली.

मी त्यांना ओढतच मुलुंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. फोटो झाले, मग ते घरघर वाजणारं नळकांडं, एमआरआय. आत जाताना त्यांनी माझा हात असा धरला होता की नखं उमटली. डॉक्टरांनी पडद्यावर गुडघा दाखवला. म्हणाले, "सांधा बदलण्याइतका खराब नाही. पण सांध्याच्या खालचं हाड इथे आतून कमजोर झालंय. भिंतीला ओल लागून आतला गिलावा भुसभुशीत होतो ना, तसं. या जागी सुईने एक भराव सोडता येतो. आत जाऊन तो हाडासारखा कडक होतो. त्याने दुखणं खरंच कमी होतं का, आणि किती, यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे. तुम्ही त्यात बसता."

संशोधन म्हटल्याबरोबर आईंनी पदर घट्ट ओढून घेतला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उंदरांवर झालं असेल आधी. आता माझ्यावर."

समजावून सांगायला संशोधनाच्या कामावरची संघमित्रा नावाची मुलगी होती. गोवंडीहून यायची, आईंना मावशी म्हणायची, आणि तिच्यात एक गुण होता, ती घाई करत नसे. तिने सगळं दोनदा सांगितलं. निम्म्या लोकांच्या हाडात भराव घालणार. उरलेल्यांच्या हाडात नुसती सुई जाणार आणि रिकामी परत येणार. कुणाला काय मिळायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना तेवढं आत कळणार, बाकी कुणालाच नाही. आईंना नाही, आम्हाला नाही, खुद्द संघमित्रालाही नाही. वर्षभर दुखणं मोजायचं आणि कुणाला काय मिळालं होतं ते शेवटी उघडून बघायचं.

"का बरं? आम्हाला कळलं तर काय बिघडतं?" मी विचारलं. मला अशी लपवाछपवी आवडत नाही.

"कारण ताई, भराव घातलाय असं कळलं की माणसाला नुसत्या त्या आनंदाने बरं वाटतं. आणि नाही घातला कळलं की आणखी दुखतं. मग खरं काय ते कसं समजणार?"

आई पहिल्यांदाच मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही कौल लावणार."

संघमित्राला कौल माहीत नव्हता. मलाही लग्नाआधी माहीत नव्हता, मी साताऱ्याकडची, आईंच्या भाषेत घाटावरची. त्यांच्या माहेरी, कणकवलीच्या पलीकडे, देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. विहीर खणायची, मुलीचं ठरवायचं, भावाभावांत वाटणी करायची, तर देवळात जायचं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो, तुमचं गाऱ्हाणं मोठ्याने देवापुढे मांडतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या लग्नाचाही कौल लावला होता. उजवा पडला, नाहीतर आज सुयोग दुसऱ्या कुणाच्या तरी शिव्या खात असता.

"आमच्याकडे देव सांगतो," आई म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण?"

"आमच्याकडे कुणीच सांगत नाही मावशी," ती म्हणाली. "म्हणूनच तर कॉम्प्युटर."

हे उत्तर आईंना अजिबात आवडलं नाही. मलाही ते रुचलं नाही, पण मी दाखवलं नाही. संघमित्राने पुन्हा सांगितलं की नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, आणि हो म्हणून मध्ये सोडलंत तरी कुणी रागावणार नाही. शेवटी तिने एक गोष्ट आईंकडून पाठ करून घेतली. ऑपरेशननंतर पोटरी सुजली, दुखायला लागली, दम लागला किंवा ताप आला, तर लगेच फोन. आईंनी अंगणवाडीतल्या पोरांसारखं म्हणून दाखवलं. घरी विचार करायला वेळ घेतला, पुन्हा आलो, आणि त्यांनी सही केली. त्यांच्या आईच्या त्या सरकण्यापुढे सुईची भीती लहान ठरली असावी, असं मला वाटलं.

मला न सांगता त्यांनी आणखी एक केलं होतं. गावाला नानांना फोन केला होता.

नाना म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. गावच्या घरात एकटे राहतात. त्यांची बायको, आईंची वयनी, काही वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला म्हणून गेली आणि घरी आली ती झाकूनच. तेव्हापासून नाना मोजकं बोलतात. आईंनी त्यांना सांगितलं, देवळात जा, गुरवाकडून विचारून घे, गुडघ्यात भराव घालून घेऊ की नको. थोड्या दिवसांनी नानांचा फोन आला. आई मोबाईल घेऊन बाहेर पायरीवर गेल्या. आत आल्या तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतायत नाना?" तर म्हणाल्या, "बरा आहे." आणि तांदूळ निवडायला बसल्या. निवडलेले तांदूळ.

नाना फोनवर म्हणाले होते, "प्रेमा, डावो कौल पडलो गो. देव नको म्हणता."

हे मला फार उशिरा कळलं. तेव्हाच कळलं असतं तर मी भांडले असते, हसले असते, काहीतरी केलं असतं. आईंनी काय केलं, तर दोन्ही भीती उराशी धरल्या आणि आपल्या डोक्याने त्यातून वाट काढली. देवाला भराव नकोय ना? मग तो मला रिकाम्या सुईच्या गटात टाकेल. कॉम्प्युटर काय देवाबाहेर आहे? आणि सही केल्यावर आता मागे फिरायचं तर त्या गरीब पोरीला काय वाटेल? आमच्याकडच्या बायका अशाच. डॉक्टरला नाही म्हणायची लाज, देवाला नाही म्हणायची भीती, आणि मधल्यामध्ये स्वतःचा जीव.

ऑपरेशनला कमरेतून भूल दिली होती, म्हणजे त्या जाग्या होत्या. पुढ्यात हिरवं कापड, पलीकडे माणसं. बाहेर आणल्यावर त्यांच्या ओठांना कोरड पडली होती. मी वाकले तर त्या पुटपुटल्या, "टाकला गं. मला कळलं. कुणीतरी म्हणालं, घट्ट होऊ दे."

"आई, ते कशालाही म्हणाले असतील. पट्टी असेल."

"टाकला," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांच्या कडेने पाणी कानापर्यंत गेलं. मला वाटलं, भूल उतरतेय, म्हणून रडतायत. मी त्यांचे केस सारखे केले आणि सुयोगला म्हटलं, चहा आण.

घरी आलो. वॉकर धरून थोडं थोडं चालायचं, पाय हलवत राहायचं, असं सांगितलं होतं. आई चालेनात. सुरुवातीला मी समजू शकत होते. मग मी चिडायला लागले. खाटेवर पडून राहायच्या, पायावर चादर, वरून गोधडी. उकाड्याने घामाघूम, तरी गोधडी. मी पाय बघायला गेले की झटकन म्हणायच्या, "नको, ठणका लागतो." संघमित्राचा फोन आला की आवाज बदलायचा. "झकास आहे बाळा. चालते ना. काही त्रास नाही." मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "खोटं बोलू नका, चालत नाहीत त्या!" तर फोनवर हात ठेवून मला गप्प करायच्या. एकदा मी त्यांच्या हातातून फोन घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मागे सरले. त्या नजरेत राग नव्हता. पोर अंधारात एकटं सापडलं की जसं बघतं, तसं काहीतरी होतं. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि कशाची ते कळेना.

मग एका सकाळी मी त्यांना अंघोळीला बसवलं. साडी वर सरकली आणि मी बघतच राहिले. पोटरी दुधी भोपळ्यासारखी तट्ट फुगलेली, चकचकीत, लालसर. त्यावर हळदीचा लेप आणि देव्हाऱ्यातला अंगारा. हात लावला तर गरम. ‘आईगं’ म्हणून त्या ओरडल्या आणि मग दोन वाक्यं एका दमात बोलता येईनात, मध्ये श्वास घ्यावा लागला. संघमित्राने पाठ करून घेतलेलं सगळं माझ्या डोक्यात एकदम वाजायला लागलं.

"आई, हे कधीपासून आहे?"

त्यांनी साडी पोटरीवर ओढून घेतली.

"आई! कधीपासून?"

"आल्यापासून थोडं थोडं," त्या म्हणाल्या. आणि मग सगळं बाहेर आलं, नानांचा फोन, डावा कौल, कॉम्प्युटर, सगळं. "देवाने नको म्हटलं होतं गं. मी ऐकलं नाही. आता हे मला भोगायचंय. तिकडे सांगितलं तर परत कापतील. देवाने धरलेला पाय आहे तो, डॉक्टर काय सोडवणार?"

मला एवढा संताप आला, एवढा, की मी हातातला तांब्या आपटला. कुणावर आला ते आजही सांगता येणार नाही. आईंवर, देवावर, त्या भरावावर, सगळ्यांवर. मी संघमित्राला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "ताई, आत्ता निघा. त्यांना चालवू नका. मी खाली गेटवर थांबते."

आमच्या टेकडीवर रिक्षा येत नाही. माणूस आजारी पडला की प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यायचं, ही आमच्याकडची ॲम्ब्युलन्स. सुयोग अंधेरीला कामावर. मी दारात उभी राहून हाका मारल्या आणि शेजारपाजारचे धावून आले. त्यातले दोघे लहानपणी आईंचं बोट धरून याच पायऱ्या उतरले होते. खुर्ची उचलली. मी पुढे, मागे वळून बघत. आईंचा चेहरा मातीसारखा झाला होता, ओठ उघडे, श्वास वरच्या वर. प्रत्येक पायरीला खुर्ची कलली की त्या "देवा, चुकलं" म्हणत होत्या. "देवा, चुकलं. देवा, चुकलं." लोक दारात येऊन बघत होते. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की बघू नका. त्या उतारावर मला खात्रीच पटली होती की मी त्यांना जिवंत खाली पोचवणार नाही.

पोचलो. संघमित्रा गेटवर चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. तपासणीत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. लहान होता, डॉक्टर म्हणाले, म्हणून बचावल्या. लगेच रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली, नाकाला ऑक्सिजन लागला. आणखी उशीर केला असता तर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

पाय कापणार नाहीत एवढं कळल्यावर आईंनी नाकाला नळी असतानाच पहिला प्रश्न विचारला तो संघमित्राला. "बाळा, टाकलाय का तो भराव? एवढं सांग."

"मला खरंच माहीत नाही मावशी."

"डॉक्टरांना विचार ना."

डॉक्टर आले. शांतपणे म्हणाले, अशी गाठ पायाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर होऊ शकते, न चालता पडून राहिलं की जास्तच. भराव असला काय, नसला काय, उपचार तोच आहे. उपचार बदलणार असता तर आत्ता उघडून सांगितलं असतं. हे सगळं आम्ही संशोधनाच्या समितीला कळवतोय.

माझा भडका उडाला. मी म्हटलं, "बाई मरायला टेकली आणि तुम्ही गंमत उघडून दाखवत नाही?" ते रागावले नाहीत. संघमित्राचे डोळे मात्र भरले. मी नंतर विचार केला, डॉक्टर बरोबर बोलत होते. पण आईंसाठी त्या गुडघ्यात काय आहे, हा उपचाराचा प्रश्नच नव्हता. आत भराव असेल तर देवाचा कोप, आणि कोपाला इंजेक्शन नसतं. त्या दर वेळी नर्स आली की तिचा चेहरा वाचायच्या. झोपेत दचकायच्या. जीव वाचला होता आणि भीती जशीच्या तशी होती.

सुयोगने नानांना फोन करून सांगितलं. नानांनी ऐकून फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला हॉस्पिटलच्या दारात हजर. धोतराला लाल धूळ, हातात रिकामी पिशवी. कोकणातला माणूस बहिणीकडे येताना रिकाम्या हाताने येत नाही, निदान चार नारळ तरी असतात. ती लोंबणारी पिशवी बघूनच मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

ते खाटेपाशी उभे राहिले. आईंनी हात पुढे केला. "नाना, मी ऐकलंय नाय रे देवाचा. बघ काय झाला."

नानांनी तो हात धरला नाही. खाली बघत म्हणाले, "प्रेमा, मी देवळात गेलंयच नाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"गेलंय, पायरीपर्यंत गेलंय," ते म्हणाले. "आत पाय घालूक जमला नाय. गुरव हाक मारी होतो, मी मागे फिरलंय. कौल लावलोच नाय. डावो पडलो, ह्या मीच सांगलंय."

"कित्या?" आईंनी विचारलं. का?

नानांनी खाटेची दांडी धरली. "उजवो पडलो असतो तर? तुझ्या वयनीच्या वेळी उजवोच पडललो. देवान होय म्हटल्यान, म्हणान मी धाडलंय तिका. ती नको म्हणा होती. हात जोडी होती माझ्यासमोर. मी सांगलंय, देवान सांगल्यान हा, भिया नको." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "परत एकदा उजवो पडलो असतो, तर तुका पण माकाच धाडूचा लागला असता. माका भय वाटला, प्रेमा."

मला रडू यायला लागलं. मला त्यांना हाकलूनही द्यायचं होतं आणि खुर्चीही द्यायची होती. यातलं मी काहीच केलं नाही.

आईंनी मान वळवून भावाकडे पाहिलं आणि हळूच, अगदी शेजारणीला भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "मी मेलंय असतंय तर काय सांगलं असतंस रे लोकांका?"

नानांनी रिकाम्या पिशवीचे बंद हाताला गुंडाळले.

"सांग ना."

"देवान नको म्हटललो, असाच सांगलंय असतंय," ते म्हणाले. "खरा कोणाकच सांगलंय नसतंय."

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला क्षणभर वाटलं. आईंनी डोळे मिटले. छाती वरखाली होत होती. मी घाबरून नर्सला हाक मारायला वळले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं.

"म्हणजे देवाला कुणी विचारलंच नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि मी गोधडी घेऊन गप्प पडून होते." मग त्यांनी एक मोठा श्वास घेतला, अर्ध्यात अडकला, पुन्हा घेतला. "दर्शना, त्या पोरीला बोलाव. सांग, छातीत इथे डाव्या बाजूला टोचतंय. कालपासून टोचतंय. पोटरीत रात्री आग होते. आणि गुडघा दुखतो, बाहेरून नाही, आत दुखतो. सगळं सांगते मी तिला. आत्ता बोलाव."

मी पळत सुटले. पॅसेजमधून मागे वळून बघितलं, तर नाना खाटेशेजारी जमिनीवर बसले होते, आणि आई पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होत्या, संघमित्रा येतेय का म्हणून.